ऑपरेशननंतर घोड्याची आतडी चिकटू नयेत म्हणून: पहिले तीन दिवस

नमस्कार. कॉलिकचं, म्हणजे तीव्र पोटदुखीचं ऑपरेशन व्यवस्थित होतं, आणि महिनाभराने घोडा पुन्हा पोटाकडे बघत लोळायला लागतो. अशा वेळी पहिला संशय ॲडहीजन्सचा, म्हणजे आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटल्याचा. लहान आतड्याच्या ऑपरेशननंतर आणि शिंगरांमध्ये हा धोका जास्त.

हे होतं कसं? आतड्यावर एक पातळ, चकचकीत आवरण असतं. ते कोरडं पडलं, घासलं गेलं किंवा आतड्याला पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा तुटला, की तिथे फायब्रिन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन साचतं. चिकट, पिवळसर थर. निरोगी आवरण दोन-तीन दिवसांत तो विरघळवून टाकतं. पण सुजलेल्या, रक्त न पोचलेल्या आवरणाला ते जमत नाही. मग त्या थरात तंतू बनवणाऱ्या पेशी शिरतात आणि एक-दोन आठवड्यांत घट्ट पट्टा तयार होतो. आतडं तिथेच मुरडतं.

म्हणून सगळ्यात मोठा उपाय ऑपरेशनच्या आधीच मालकाच्या हातात आहे: वेळ. घोडा रेसकोर्सच्या तबेल्यात असो की मुळशीकडच्या फार्मवर, वेदनाशामक देऊनही दुखणं परत आलं तर संध्याकाळपर्यंत वाट बघू नका. पुण्याच्या ट्रॅफिकमधून घोड्याची गाडी न्यायची आहे, तोही वेळ धरा. तासागणिक आतड्याचं नुकसान वाढतं, आणि ते कुठलंही औषध भरून काढत नाही.

आता ऑपरेशन थिएटर. ग्लोव्ह्ज पावडर नसलेले हवेत; पावडरचे कण आवरणाला डिवचतात. कोरड्या गॉझने आतडं पुसायचं नाही. हाताळणी सुरू करण्याआधीच एक टक्क्याचं निर्जंतुक कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोजचं द्रावण आतड्यांवर ओततात. मात्रा किलोला ७ मिलि, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला साधारण ३ लिटर. ते बुळबुळीत असल्यामुळे घर्षण कमी होतं आणि दोन पृष्ठभाग वेगळे राहतात. बरेच जण ते शेवटी आठवण झाली की ओततात. तोवर आतडं घासून झालेलं असतं. कापलेल्या आतड्याची टोकं जोडताना आतलं अस्तर बाहेर डोकावता कामा नये, आणि धागा व गाठी कमीत कमी. पोटात घाण सांडली असेल तर कोमट रिंगर लॅक्टेटने (सलाइनसारखं निर्जंतुक द्रावण) धुवा, आणि ते पाणी परत शोषून घ्या.

औषधांत फ्लुनिक्सिन (दुखणं आणि सूज कमी करणारं) किलोला १.१ मिग्रॅ, दर १२ तासांनी, फक्त शिरेतून. स्नायूत दिलं तर तिथे जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग होऊ शकतो. सोबत पेनिसिलिन आणि जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स; जेंटामायसिन किलोला ६.६ मिग्रॅ, दिवसातून एकदा. घोड्याच्या अंगात पाणी कमी असेल तर जेंटामायसिन मूत्रपिंडाला मारतं, म्हणून आधी सलाइन. रक्त गोठू न देणारं हेपरिन किलोला ४० युनिट, कातडीखाली. पण साध्या हेपरिनने घोड्याच्या लाल पेशी एकमेकींना चिकटतात आणि पीसीव्ही (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) घसरतो. तो रोज तपासा. रक्तस्राव झाला असं समजून घाबरू नका, पण खात्री मात्र करून घ्या.

साईसचं, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याचं काम इथे डॉक्टरइतकंच मोलाचं. आतडं हलतं राहिलं तर ते एका जागी चिकटून बसत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं हाताने फिरवा. नाकातून घातलेल्या नळीतून पोटातलं पाणी उलटं येणं थांबल्यावर आधी मूठभर मऊ हिरवं गवत. हरभरा, ओट, कोंडा सध्या नाही.

पुढचे दोन महिने एक वही ठेवा: खाल्लं केव्हा, लीद किती वेळा आणि कशी, दुखलं केव्हा. खाल्ल्यानंतर थोडं थोडं दुखणं वारंवार येत असेल तर घरचं इंजेक्शन देऊन दिवस ढकलू नका. ती वही घेऊन सर्जनला फोन करा. सोनोग्राफी करायची की पोट पुन्हा बघायचं, हे त्या नोंदींवरून ठरवता येतं.