भाडं पगारातून जातं, किंमत कुठून येते?

मंडळी, मी बरीच वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली. तेव्हा मुंबईत पगारदाराला घर का परवडत नाही, याचा आधी हिशेब मांडतो.

समजा, घरात महिन्याला 60,000 रुपये हातात येतात, म्हणजे वर्षाला सव्वासात लाखांच्या आत. बँक साधारण निम्म्या पगारापर्यंत हप्ता धरते, म्हणजे 30,000. साडेआठ टक्के दराने, 20 वर्षांसाठी, कर्ज बसतं साडेचौतीस लाखांचं. बँक किमतीच्या 80 टक्के देणार, म्हणजे घर झालं 43 लाखांचं. साडेआठ लाख पदरचे. मुंबईत वर 6 टक्के मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, आणि ते कर्जात धरत नाहीत. हे पैसे येतात कुठून? मी पाहिलंय. आईच्या पाटल्या मोडतात, पीएफ काढतात, गावाकडची जमीन विकतात. घर विकत घेणारा पगारदार असला तरी सुरुवातीची रक्कम पगारातून उभी राहत नाही.

मग नवरा-बायको समोर बसून विचारतात, "साहेब, मुदत वाढवली तर बसेल का?" 20 ची 30 वर्षं केली की त्याच हप्त्यात कर्ज 39 लाखांचं होतं. साडेचार लाख जास्त मिळतात आणि त्यासाठी आणखी 10 वर्षं हप्ते, म्हणजे 36 लाख रुपये. बँक ते देते, आणि सगळ्याच बँका देऊ लागल्या की बिल्डर भाव तेवढा वर नेतो. कर्ज सोपं झाल्याने घर स्वस्त होतं, असं मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करून बघावा.

आता फ्लॅट भाड्याने घ्यायचं बघा. मुंबईत 1 कोटीच्या घराला महिन्याला साधारण 20 ते 25 हजार भाडं येतं. त्याच घरावर 75 लाखांचं कर्ज काढलं तर हप्ता 65,000 च्या पुढे. भाडं दर महिन्याला इथल्याच कुणाच्या तरी पगारातून जातं, त्यामुळे ते पगाराच्या आवाक्याबाहेर फार जाऊ शकत नाही. किमतीला तसला लगाम नाही. किंमत देणाऱ्यात राहायला येणारा असतो, तसा पैसा गुंतवून कुलूप लावून जाणाराही असतो. 2011 च्या जनगणनेत मुंबईत सुमारे पावणेपाच लाख घरं रिकामी सापडली होती! हप्ता आणि भाडं यांतली दरी हाच माझा पुरावा. किंमत इथल्या कमाईवर ठरत असती, तर ती एवढी रुंद झाली नसती.

सरकारी मापही बघा. जीएसटीच्या सवलतीसाठी 2019 साली "परवडणारं घर" ठरवलं ते असं: किंमत 45 लाखांपर्यंत, महानगरात कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, 60 चौरस मीटरपर्यंत. म्हणजे 645 चौरस फूट, फुटाला सात हजार. दादर-परळ सोडाच, बोरिवली-मुलुंडला तरी या भावात नवं घर कुठे आहे?

जमीन नव्हती म्हणून असं झालं, हे मला मान्य नाही. जमीन होती, गिरणगावात होती. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगार देशोधडीला लागला. 1991 च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचे ठरलं: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या ती वाटणीतून सुटली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. शहराच्या पोटात साध्या पगारदारासाठी हजारो घरं बांधायची संधी त्या एका दुरुस्तीने घालवली, असं माझं स्पष्ट मत आहे. आज त्याच कामगारांच्या वारसांना वांगणी आणि शेलूतली घरं दाखवतात. ज्यांच्या घामावर लालबाग-परळ उभं राहिलं, त्यांना बदलापूर ओलांडून पलीकडे जा म्हणायचं, याची चीड यायलाच हवी.

तरुण जोडपी मला विचारतात, आम्ही काय करावं? मी सांगतो, हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जात असेल तर थांबा, भाड्याने राहा. पण हे सांगताना जीभ अडखळते, कारण आपल्याकडे भाड्याने राहणं म्हणजे अकरा महिन्यांचा करार, दर वेळी नवं डिपॉझिट, नवी दलाली, आणि मालकाच्या मनात आलं की मुलाची शाळा बदलायची. म्हणून उद्या मतं मागायला दारात जो येईल, त्याला म्हाडाच्या लॉटरीत विकायला किती घरं काढणार हे विचारू नका. पाच-दहा वर्षांच्या कराराची, पगाराला परवडणाऱ्या भाड्याची घरं महापालिका आणि म्हाडाच्या जमिनीवर किती बांधणार, आणि कोणत्या वॉर्डात, हे विचारा.