झोपेतच पाणी आलं: कोपुआफारा, १९३८

नमस्कार श्रोतेहो. आज जरा लांबची गोष्ट सांगणार आहे, न्यूझीलंडची, तीही १९३८ सालची. एका रेल्वे लाईनवर काम करणारी माणसं रात्री झोपली आणि त्यातली २१ सकाळ बघायला उरली नाहीत, अशी ती गोष्ट.

न्यूझीलंडच्या नॉर्थ आयलंडवर पूर्व किनाऱ्याला माहिया द्वीपकल्प आहे, त्याच्या जवळ कोपुआफारा नावाची दरी. माओरी नाव आहे, स्पेलिंगमधे डब्ल्यू-एच दिसतं पण माओरीत ते फ च्या जवळ जातं म्हणून मी फ म्हणतोय. नेपियरपासून गिझबर्नपर्यंत रेल्वे न्यायची होती आणि हा सगळा मुलूख डोंगरांचा, बोगदे, पूल, भराव, काम काही सरत नव्हतं. मधे १९३१ ला हॉक्स बे चा मोठा भूकंप झाला, त्यात मंदी, काम बंदच पडलं. मग तिथे लेबर पार्टीचं सरकार आलं आणि १९३६ ला परत सुरू झालं. म्हणजे बघा, बेकारीची वर्षं काढून हाताला काम मिळालेली माणसं होती ही.

कामगार लाईनच्या कडेने कॅम्प करून रहायचे. तात्पुरत्या छोट्या खोल्या, एक सामाईक स्वयंपाकघर. चार नंबरचा कॅम्प होता कोपुआफारा ओढ्याच्या अगदी काठाला, सखल जागेत.

आता तिथे का, असं तुम्ही विचाराल. अहो, डोंगरात कॅम्प टाकायचा तर सपाट जागा लागते, पाणी जवळ लागतं, काम जवळ लागतं, आणि हे सगळं एकत्र मिळतं ते ओढ्याकाठीच. पण अरुंद दरीत ती सपाटी आली कुठून? ओढ्यानेच आणून टाकलेला गाळ आणि गोटे असतात ते, तो पूर्वी कधीतरी तिथून वाहिलेला असतो म्हणून तर जागा सपाट असते. मला या सगळ्या गोष्टीत हेच सगळ्यात जास्त लागतं, की माणसांनी निवांत झोपायला निवडलेली जागा ही ओढ्याचीच होती.

१८ फेब्रुवारीचा शुक्रवार संपला, शनिवार उजाडायचा होता. तिकडे फेब्रुवारी म्हणजे उन्हाळ्याचा शेवट. वरच्या डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस झाला. अशा दऱ्यांत उतार तीव्र आणि ओढ्याची लांबी कमी, त्यामुळे वर पडलेलं पाणी खाली यायला फार वेळ लागत नाही, आणि येतं ते हळूहळू चढत नाही, भिंतच येते, झाडांचे ओंडके, दगड, माती सगळं घेऊन. तसंच झालं. बहुतेक जण गाढ झोपेत. जे उठले ते अंधारात पाण्यात उभे, काही छपरांवर चढले, पण खोल्याच वाहून जायला लागल्या तर छप्पर काय करणार हो.

२० पुरुष आणि १ बाई गेली. विसाव्या शतकात न्यूझीलंडमधे इतके बळी घेणारा दुसरा पूर नाही.

दोनच महिन्यांनी, एप्रिल १९३८ मधे, त्याच हॉक्स बे भागात एस्क व्हॅलीला पूर आला, घरं गाळात गाडली गेली. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत गॅब्रिएल चक्रीवादळात त्याच एस्क व्हॅलीत परत तेच.

आपल्याकडे ३० जून २०२२ ला मणिपूरमधे तुपुलला रेल्वेच्या कामावर दरड कोसळली, ती बातमी ऐकली तेव्हा मला कोपुआफाराच आठवलं. तिथे पाणी नव्हतं, डोंगर आला, पण वेळ रात्रीची, आणि कॅम्प पायथ्याला. कामाची जागा ठरवताना इंजिनियर जमिनीखालचा खडक-माती तपासायला किती बोरिंग घेतात, किती नकाशे काढतात, झोपायच्या जागेसाठी एक तरी माणूस वर जाऊन ओढा बघून येतो का, हे मला खरंच विचारावंसं वाटतं.

ती लाईन पुढे पूर्ण झाली, १९४२ ला गाडी गिझबर्नला पोचली. २०१२ मधे पावसाने लाईनवरच्या वैरोआ गावाच्या पुढे भराव वाहून गेले आणि गिझबर्नकडची गाडी थांबली. कोपुआफाराला त्या २१ जणांचं स्मारक उभं आहे.