ज्याचा फोटो, त्याने गप्प बसायचं

(लघुमाहितीपटासाठी निवेदन)

[दृश्य : टेबल. पाकिटं उघडणारे हात.]

पाकिटं उघडतात. प्रिंट्स बाहेर येतात, कडांना धरून, कागदावर बोट उमटणार नाही अशा बेताने. काही मोठ्या, काही वहीच्या पानाएवढ्या. एक आत्ताच नळकांड्यातून निघालीय आणि पुन्हा गुंडाळून बसायला बघतेय. तिच्या दोन टोकांवर कोणीतरी लेन्सची झाकणं ठेवली. खोलीत पडदा आहे, प्रोजेक्टरही चालू आहे. पण पाहा, सगळे जमलेत टेबलाभोवती.

हे हौशी छायाचित्रकार. यांच्यापैकी कोणाचंच पोट कॅमेऱ्यावर चालत नाही. गेल्या बैठकीनंतर जे काही टिपलं, त्यातले तीनच फोटो आणायचे आणि तेही कागदावर उतरवून. शेकडो फ्रेममधून तीन काढायच्या म्हणजे स्वतःशीच भांडण असतं, आणि या मंडळींच्या मते निम्मं शिक्षण तिथेच होतं. फोनमध्ये सगळंच साठून राहतं, त्यामुळे निवडायची वेळच येत नाही. प्रिंट काढायची म्हटली की माणूस दोनदा बघतो.

दुसरा नियम जास्त कडक. फोटो ज्याचा, त्याने बोलायचं नाही. बाकीच्यांचं बोलून होईपर्यंत एक शब्दही नाही. पहाटे किती वाजता उठलो, लेन्स कोणती होती, मागचा खांब टाळता का आला नाही, ही सगळी कैफियत नंतर. आधी फोटो एकटा उभा राहू दे.

[दृश्य : बर्फाच्या उताराचा फोटो. जवळून.]

पहिला फोटो हा. बर्फाचा उतार आणि त्यावरून वर चाललेली, लाल जॅकेटातली एक लहानशी आकृती. चांगला आहे, सगळे म्हणतात. मग थोडा वेळ कोणीच काही म्हणत नाही. आणि मग टेबलाच्या टोकाकडून प्रश्न येतो : "बर्फ मळका का दिसतोय?"

खरंच, बर्फ पांढरा नाही, करडा आहे. यात प्रिंट काढणाऱ्याचा दोष नाही. कॅमेऱ्यातलं मीटर समोरून परत येणारा प्रकाश मोजतं. समोर बर्फ आहे की कोळसा, हे त्याला कळत नाही. सगळं दृश्य सरासरीने मध्यम करडं असणार, सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणारं, असं धरून ते हिशेब करतं. बर्फ त्याहून कितीतरी जास्त प्रकाश फेकतो. मीटरला वाटतं, प्रकाश फार झाला. ते एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा प्रकाश, खाली ओढतं आणि बर्फ राखेसारखा उतरतो. काळी म्हैस फ्रेमभर घेतली तर उलटं होईल, म्हैस करडी पडेल.

उपाय साधा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबात हाताने केलेला बदल, एक ते दोन स्टॉप वर. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट, दोन म्हणजे चौपट. मात्र हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोत उजेड-अंधार किती ते दाखवणाऱ्या आलेखावर, नजर हवी, नाहीतर हायलाइट्स, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, उडतात : बर्फावरचे बारीक चढउतार पुसले जातात आणि तिथे कोरा कागद उरतो. "हायलाइट्स उडाल्या तर परत येत नाहीत," मागून एक आवाज. हे वाक्य या खोलीत इतक्या वेळा बोललं जातं की नवीन आलेले सुद्धा ते पूर्ण करतात.

बर्फाचा फोटो काढणाऱ्या बाई अजून गप्प आहेत. वहीत काहीतरी लिहून घेतायत.

[दृश्य : काळ्या कार्डबोर्डचे दोन काटकोनी तुकडे प्रिंटवर सरकतायत.]

हे दोन तुकडे म्हणजे या बैठकीतलं सगळ्यात जुनं यंत्र. इंग्रजी एल अक्षरासारखे कापलेले. एकावर एक उलटसुलट ठेवले की हवी तेवढी चौकट तयार होते, लहान, मोठी, उभी, आडवी. खालच्या प्रिंटमध्ये एक जिना आहे आणि तो उतरणारी मुलगी. डावीकडे अर्धा दरवाजा, वर दिवा, उजवीकडे कोणाची तरी कोपरापर्यंतची बाही. एकाने बाही कापली. दुसरीने दिवाही कापला. तिसऱ्याने चौकट इतकी आवळली की फक्त पाय आणि चार पायऱ्या उरल्या. आता बघा, मुलगी मधल्या पायरीवरून थोडी बाजूला गेली आणि फोटो चालू लागला.

लगेच कोणीतरी 'रूल ऑफ थर्ड्स' काढतोच. चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करा आणि महत्त्वाची गोष्ट त्या रेषांवर ठेवा, हा तो नियम. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्या रेषा आज आपोआप उमटतात. नियम मात्र कॅमेऱ्यापेक्षा जुना. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली तो निसर्गचित्रांसाठी लिहून ठेवला, म्हणजे फोटोग्राफीची घोषणा व्हायला अजून चाळीसेक वर्षं होती तेव्हा. नवशिक्यांना त्याचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण या टेबलावर जे चाललंय, हात पुढे-मागे करत, डोळे बारीक करत, ते त्या रेषांनी होणारं काम नव्हे.

प्रिंट आता कोणीतरी उलटी फिरवली. डोकं खाली, पाय वर. मुलगी, जिना, दिवा ही नावं गळून पडतात आणि नुसते काळे-पांढरे आकार राहतात. वजन कुठे आहे ते पटकन कळतं. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ फोटो असे उलटे धरून पाहायचा. इथे कोणाला ते त्याच्याकडून आलंय, कोणाला शेजारच्या खुर्चीवरून.

[दृश्य : जुन्या काचा, ओल्या काचेसाठीचा तंबू, बॉक्स कॅमेरा. स्थिरचित्रं.]

एकमेकांचे फोटो असे समोर ठेवून बोलायची सवय फोटोग्राफीइतकीच जुनी म्हणायला हरकत नाही. १८३९ साली डागेर या फ्रेंच माणसाची फोटो घेण्याची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली. पंधराएक वर्षांत मंडळं उभी राहिली : लंडनमध्ये १८५३, मुंबई आणि पॅरिसमध्ये १८५४. तेव्हाचा हौशी माणूस म्हणजे हाताशी पैसा आणि वेळ असलेला माणूस. १८५१मध्ये आलेल्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर रसायन चढवायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायचा. म्हणजे जिथे फोटो, तिथेच काळोखी खोली. हा तंबू त्यासाठीच. इतकी यातायात केल्यावर फोटो कोणाला दाखवला नाही तर झोप कशी येणार?

म्हणून अदलाबदल सुरू झाली. १८५५ साली लंडनमध्ये तर खास फोटो एकमेकांना द्यायचं-घ्यायचं मंडळ निघालं. पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे, टपालाने फिरणाऱ्या पेट्या आल्या. त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. पेटी घरी आली की गेल्या फेरीतला आपला फोटो काढून घ्यायचा आणि नवा ठेवायचा. इतर प्रत्येकाच्या फोटोवर सोबतच्या कागदावर आपलं मत लिहायचं. मग पेटी पुढच्या पत्त्यावर रवाना. फेरी पूर्ण होऊन ती परत येईपर्यंत आठवडे जायचे. आपला फोटो बाहेर काढला की त्याच्याबरोबर सगळ्यांची अक्षरं हातात यायची, कोणी कौतुक केलेलं, कोणी कान उपटलेले. तोंडावर बोलायचं नसल्यामुळे लोक सढळ हाताने लिहीत. आणि ज्याचा फोटो, तो अर्थातच हजर नसे. या खोलीतला गप्प बसायचा नियम त्या पेटीने आपोआप पाळला होता. ब्रिटनमध्ये टपाली मंडळांची ही परंपरा आजही सुटलेली नाही.

१८८८मध्ये जॉर्ज ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा आला. आत शंभर फोटोंचं रीळ भरलेलं. संपलं की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा. तिकडून फोटो आणि नवं रीळ घातलेला कॅमेरा, दोन्ही परत. फोटो काढणारे झपाट्याने वाढले. रसायनांचा वास मात्र बहुतेकांच्या हातून कायमचा गेला, आणि त्याबरोबर फोटोकडे वेळ काढून बघण्याची सक्तीही. पुढचा इतिहास आपल्या खिशात आहे.

[दृश्य : हसणाऱ्या आजींचा फोटो. टेबलावर दोन गट पडलेले.]

या फोटोवरून आज सगळ्यात जास्त आवाज झाला. आजी हसतायत आणि चेहरा हललाय. निम्म्या लोकांनी प्रिंट बाजूला सरकवली. "शटर स्लो पडलंय," एवढंच बोलून. म्हणजे कॅमेऱ्याची झडप जरा जास्त वेळ उघडी राहिली.

हात हलला की आजी? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण दोन्हींचा उपाय वेगळा. हातात कॅमेरा धरून फोटो काढताना जुना ठोकताळा असा : ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा मंद नको, २०० असेल तर दोनशेव्या. आजच्या लेन्सेस आणि कॅमेरे हाताची थरथर बऱ्यापैकी सावरतात, त्यामुळे ठोकताळा सैल झालाय. पण समोरचा माणूस हलला तर ती सोय काही कामाची नाही. आता खुर्चीची पाठ बघा. वेताची वीण एकेक मोजता येते. म्हणजे कॅमेरा स्थिर होता. हलल्या त्या आजी, आणि हलल्या त्या हसल्यामुळे.

हे कळल्यावर प्रिंट पुन्हा मधोमध आली.

कोणीतरी ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या ब्रिटिश छायाचित्रकार बाईचं नाव घेतलं, आणि घ्यायलाच हवं होतं. १८६३ साली, वयाच्या ४८व्या वर्षी तिला मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. कोंबड्यांच्या खुराड्याचा तिने स्टुडिओ केला. तिचे चेहरे मऊ, फोकसच्या अलीकडे-पलीकडे, लांब एक्स्पोजरमध्ये किंचित हललेले. फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी आणि मंडळांतल्या जाणकारांनी तिला त्यावरून झोडपलं. तीच छायाचित्रं आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत जपलेली आहेत. तेव्हा टेबलाभोवतीची माणसं चुकू शकतात, हे कबूल. पण तरीही ती त्याच लंडनच्या मंडळाची सदस्य झाली आणि त्याच प्रदर्शनांत फोटो मांडत राहिली.

उलट टोकाला व्हिव्हियन मायर. शिकागोत लोकांची मुलं सांभाळत तिने लाखावर निगेटिव्ह काढल्या आणि जवळजवळ कोणालाच दाखवल्या नाहीत. कितीतरी रिळं धुतलीही नव्हती. २००७मध्ये भाडं थकलेल्या गोदामातलं तिचं सामान लिलावात गेलं. २००९मध्ये ती वारली, आणि नाव झालं ते त्यानंतर. तिचे फोटो थोर आहेत, वाद नाही. फक्त त्यातला कोणता तिला स्वतःला आवडायचा, हे विचारायला आता कोणी नाही.

[दृश्य : पडद्यावर पक्षी. झूम होत जातो.]

आता प्रोजेक्टरची पाळी. पडद्यावरची प्रतिमा प्रकाशाने बनते, प्रिंट प्रकाश परतवते. त्यामुळे घरच्या स्क्रीनवर उजळ वाटलेला फोटो कागदावर काळवंडतो, याचा अनुभव इथे प्रत्येकाला आहे. पण हा पक्षी पडद्यावरच बघायला हवा. डोळ्यावर फोकस चोख, पिसं मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट, मागे हिरवा धूसर पडदा. टाळ्या पडल्या.

मग मागच्या ओळीतली मुलगी उठली आणि पडद्याजवळ गेली. तिचं बोट बघा. हे पान, किडीने भोक पाडलेलं. आणि हे दुसरं पान, त्याच जागी, त्याच आकाराचं भोक. निसर्गात एक पान दोनदा येत नाही. इथे आधी फांदी होती, तिच्यावर शेजारची पानं चिकटवली गेली.

गुन्हा नाही. फोटो सुंदर म्हणून घरी लावायला काहीच हरकत नाही. पण छायाचित्रस्पर्धेच्या 'नेचर' (निसर्ग) विभागात पाठवायचा असेल तर नियम स्पष्ट आहे. अमेरिकेची पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका), फियाप हा छायाचित्रण संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या संस्थांनी मिळून मान्य केलेली व्याख्या क्रॉपला, म्हणजे कडा कापायला, परवानगी देते, दृश्यातलं काही काढायला, घालायला किंवा हलवायला नाही. पक्ष्याचे मालक एवढंच म्हणाले, "फांदी डोळ्यावर येत होती." नियमाप्रमाणे आता त्यांना बोलायची मुभा होती.

आजचे दोन फोटो प्रदर्शनासाठी निवडले गेले, जिना आणि आजी. पक्षीवाले सदस्य त्यानंतर बैठकीला आलेले नाहीत.

[दृश्य : फळ्यावर एक शब्द. खुर्च्या सरकतात.]

पुढचा विषय ठरला : सावली. दोघांनी लगेच हरकत घेतली, आकाश भरून आलंय, सावल्या आणायच्या कुठून? बर्फाचा फोटो काढणाऱ्या बाई आज पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या. ढगाळ दिवशी सावली जात नाही, म्हणाल्या, तिच्या कडा विरघळतात. टेबलाखाली बघा, हनुवटीखाली बघा. हरकत नामंजूर झाली. मात्र तीनऐवजी चार फोटो आणू द्या, ही जुनी मागणी आजही फेटाळली गेली.