झाकलेली चाल

मंडळी, आजचा विषय पत्रिकेत छापला आहे तो असा: ‘बुद्धिबळ सुधारण्यासाठी अभ्यासाची साधनं कशी निवडावीत’. त्याच्याकडे मी येणारच आहे. पण आधी एक विचारतो. ज्यांच्या घरी बुद्धिबळाची पाचाहून जास्त पुस्तकं आहेत त्यांनी हात वर करा. वा, बरेच आहेत. आता त्यातलं एक तरी पुस्तक ज्यांनी पट मांडून, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत संपवलं, त्यांनीच हात वर ठेवा. तीन... चार. मागे एक हात अर्धा वर आहे, तोही मी धरतो.

जे हात खाली गेले त्यांना मी दोष देत नाही. साधनं मिळत नाहीत अशी तक्रार एकेकाळी खरी होती. पुढे जगज्जेता झालेला अमेरिकन बॉबी फिशर पोरवयात रशियन वाचायला शिकला, कारण खेळावरचं सगळ्यांत कसदार लिखाण तेव्हा सोव्हिएत मासिकांत येत होतं. १९६६ साली बेलग्रेडहून निवडक डावांचे खंड निघू लागले. त्यात टिपा शब्दांऐवजी चिन्हांत असत, म्हणजे कुठल्याही भाषेच्या खेळाडूला त्या वाचता याव्यात. एका खंडासाठी खेळाडू महिनोन्महिने वाट बघत. आता लाखो डाव खिशातल्या फोनवर आहेत, आणि आपली अडचण उलटी झाली आहे: इतक्यातलं घ्यायचं काय?

माझं म्हणणं एका वाक्यात मावतं. जे साधन पुढची चाल सांगण्याआधी तुम्हाला थांबवतं, तुमच्याकडून उत्तर काढून घेतं, आणि तुम्ही चुकलात तर ते तुम्हाला दिसू देतं, ते चांगलं. बाकी सगळं नंतर. हे मला कसं पटलं ते सांगतो. ती गोष्ट थोडी लांब आहे, पण तुम्ही सगळे खेळणारे आहात, तुम्हाला ती लागू पडेल.

चौदा वर्षांचा असताना मी एका क्लासला जात होतो. नाव घेत नाही, तिथली माणसं वाईट नव्हती. पहिल्याच आठवड्यात आम्हाला एका ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींची, एक जाड फाइल मिळाली. सिसिलियन बचाव, नायडॉर्फ प्रकार, विषारी प्याद्याची शाखा. काळ्याचा वजीर बी२ या घरातलं प्यादं खातो, पांढरा त्या बदल्यात हल्ला चढवतो, आणि वीस-बावीस चालींपर्यंत सगळं कागदावर ठरलेलं. पुढची दोन वर्षं आम्ही ती फाइल पाठ केली. सर चाल म्हणायचे, आम्ही पुढची म्हणायचो. अगदी पाढे म्हटल्यासारखं. मला ती फाइल बावीस चालींपर्यंत तोंडपाठ होती आणि त्याचा मला फार अभिमान होता.

मग पहिली मोठी स्पर्धा आली. पहिली फेरी, मी काळ्याने. समोरच्याने राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, मी सी५ केलं, आणि तो दुसऱ्याच चालीला सी३ खेळला. झालं. त्या जाड फाइलमध्ये या चालीला एक ओळसुद्धा नव्हती. वास्तविक ती शेकडो वर्षांच्या खेळात हजारोंनी खेळलेली, साधी, समजूतदार चाल आहे. पटाच्या मध्यावर प्याद्यांची जोडी उभी करायची, एवढाच तिचा हेतू. पण मला चाली माहीत होत्या, हेतू माहीत नव्हते. मी पंचवीस मिनिटं नुसता बसून राहिलो.

तरीही तो डाव मी तिथे हरलो नाही, आणि माझी खरी तक्रार इथून सुरू होते. चिवटपणे खेळत, एक प्यादं गमावून, मी हत्तीच्या एंडगेमपर्यंत, म्हणजे मोजक्या सोंगट्या उरलेल्या शेवटच्या टप्प्यापर्यंत, पोहोचलो. त्याच्याकडे हत्ती आणि एक प्यादं, माझ्याकडे नुसता हत्ती. त्याचं प्यादं ई५ वर, राजा डी५ वर. माझा राजा ई८ वर, म्हणजे प्याद्याच्या बढतीच्या, जिथे पोहोचून ते वजीर होतं त्या घरातच. माझा हत्ती सहाव्या ओळीत. इथे बसलेल्या अनेकांना ही स्थिती ओळखीची वाटली असेल. फ्रेंच खेळाडू फिलिडॉरने हिचं विश्लेषण १७७७ साली छापलं आहे. हत्ती सहाव्या ओळीतच ठेवायचा, डावीउजवीकडे सरकवत राहायचं, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे येता येत नाही. प्यादं सहाव्या ओळीत आलं की त्याच क्षणी हत्ती थेट खाली पहिल्या ओळीत न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. प्यादं पुढे गेल्यामुळे पांढऱ्या राजाला त्या शहांपासून लपायला आडोसाच उरत नाही. डाव बरोबरीत. शिकवायला दहा मिनिटं लागतात. एकदा कळलं की आयुष्यभर विसरत नाही.

मला ते माहीत नव्हतं. मला वाटलं, राजाजवळ हत्ती असलेला बरा. मी हत्ती आठव्या ओळीत आणून राजाशेजारी बसवला. पटाच्या मधल्या प्याद्यासमोर तो बचाव टिकत नाही. त्याचा राजा सहाव्या ओळीत आला, मात होण्याची धमकी आली, आणि दहा-बारा चालींत मी हरलो. दोन वर्षं. एकशेचार रविवार. त्यातली दहा मिनिटं कुणी यासाठी दिली नव्हती. आजही हे बोलताना माझा आवाज चढतो, तो चढू द्या. कारण याच आठवड्यात मला एका मुलीने तिची फाइल दाखवली. ओपनिंग वेगळी, जाडी तीच.

हरल्यावर मी पटापाशीच बसून होतो. शेजारच्या टेबलावर एक वयस्क गृहस्थ आपला डाव संपवून बसले होते. त्यांनी माझी स्थिती पुन्हा मांडली, हत्ती सहाव्या ओळीत ठेवला आणि म्हणाले, “आता तू पांढऱ्याने खेळ. जिंकून दाखव.” मी अर्धा तास प्रयत्न केला. जिंकता येईना. ते एक अक्षरही समजावून सांगत नव्हते, नुसता हत्ती इकडून तिकडे सरकवत होते. मी प्यादं पुढे ढकललं तसा त्यांचा हत्ती झपकन खाली गेला आणि शहांचा मारा सुरू झाला. तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, “आजोबा, हे आधी का नाही सांगितलंत?” ते म्हणाले, “सांगितलं असतं तर उद्या विसरला असतास.”

त्यांच्याकडे एक वही होती. त्यात जुने गाजलेले डाव त्यांनी हाताने उतरवलेले, आणि वहीत पोस्टकार्डाएवढा पुठ्ठ्याचा तुकडा. पद्धत अशी: पुठ्ठ्याने चाली झाकायच्या. जिंकणाऱ्या बाजूने बसायचं. पुढची चाल स्वतः शोधायची, शेजारी कागदावर ती कारणासकट लिहायची, आणि मगच पुठ्ठा एक ओळ खाली सरकवायचा. आपली चाल निराळी निघाली तर पुढे जायचं नाही. आपल्या चालीत काय उणं होतं ते आधी शोधायचं. एका डावाला दोन तास लागायचे. पुढच्या वर्षभरात मी असे चाळीसेक डाव केले. फाइलचं पान एकदाही उघडलं नाही, आणि माझा खेळ त्या दोन वर्षांत सुधारला नव्हता एवढा त्या एका वर्षात सुधारला.

त्याच वहीत शेवटच्या पानावर एक स्थिती होती. लिहून घ्या. पांढरा राजा एच८, पांढरं प्यादं सी६. काळा राजा ए६, काळं प्यादं एच५. पांढऱ्याची चाल आणि डाव बरोबरीत सोडवायचा. रिचर्ड रेटीची १९२१ सालची रचना. पटावर चारच सोंगट्या. पाहता क्षणी वाटतं की हे अशक्य आहे: काळं प्यादं पळत सुटलंय, पांढरा राजा त्याच्या दोन पावलं मागे आहे, आणि आपलं प्यादं काळ्या राजाच्या हाताशी आहे. मला तीन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या संध्याकाळी उत्तर दिसलं तेव्हा मी घरभर फिरलो. पटावरची भूमिती शाळेतल्या भूमितीसारखी नाही, हे मला त्या दिवशी अंगात भिनलं. पुढे अनेक वर्षांनी याच स्थितीचा एक व्हिडिओ पाहिला. नव्वद सेकंदांत उत्तर, छान बाण, छान आवाज. खाली लोकांनी लिहिलं होतं, ‘किती सोपं!’ त्या माणसांबद्दल मला खरंच वाईट वाटलं. त्यांच्या तीन संध्याकाळी कुणीतरी काढून घेतल्या होत्या.

इथे एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोन संशोधकांनी १९७३ साली एक मास्टर, एक मध्यम खेळाडू आणि एक नवशिका यांना खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली आणि आठवणीतून मांडायला सांगितली. मास्टरने पहिल्या झलकेत सोळाच्या आसपास सोंगट्या बरोबर ठेवल्या, नवशिक्याने चार. मग सोंगट्या वाटेल तशा विस्कटून मांडल्या, आणि मास्टरची आघाडी जवळपास नाहीशी झाली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अचाट नव्हती. त्याला सोंगट्या सुट्या दिसतच नव्हत्या, त्यांचे ओळखीचे पुंजके दिसत होते. या प्रयोगाची मुळं आद्रियान द ग्रोट या डच मानसशास्त्रज्ञाच्या कामात आहेत, तो स्वतः चांगला खेळाडू होता, आणि त्याने खेळाडूंना मोठ्याने विचार करायला लावून जे टिपलं...

चिठ्ठी आली आहे. बारा मिनिटं. बरं, द ग्रोट राहू दे. जे सांगायचं कबूल केलं होतं ते आता भराभर सांगतो.

डावपेचांची कोडी. पुंजके साठवायचे ते इथे: काटा (एका सोंगटीचा एकदम दोघांवर हल्ला), पिन (मागच्या सोंगटीपायी पुढची हलू न शकणं), उघडा शह (एक सोंगटी बाजूला होताच मागचीने दिलेला), शेवटच्या ओळीतली मात. लिचेस नावाचं संकेतस्थळ पूर्ण मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि तिथे विषयवार कोडी मिळतात. निवडायची कसोटी एवढीच की दहातली सहा-सात सुटली पाहिजेत. दहाही सुटत असतील तर वर चढा, तीनच सुटत असतील तर खाली उतरा. घड्याळ लावून धडाधड सोडवण्याचे प्रकार करमणुकीला ठेवा. पूर्ण उत्तर डोक्यात तयार झाल्याशिवाय पहिली चाल करायची नाही. पहिली चाल करून ‘बघू काय होतं’ म्हणणं म्हणजे पुठ्ठा उचलून डोकावणं.

एंडगेम. कापाब्लांकाने १९२१ साली शिकणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिलं तेव्हा सुरुवात मात करण्याच्या साध्या पद्धतींपासून आणि प्याद्यांच्या एंडगेमपासून केली. तो क्रम मला आजही बरोबर वाटतो. सुरुवातीला राजा-प्याद्याच्या एंडगेममधली दोन राजांची समोरासमोरची गाठ, फिलिडॉरचा बचाव, आणि हत्तीचा ‘पूल’ बांधून प्यादं बढतीला नेण्याची लुसेना पद्धत, एवढं पक्कं करा. सात सोंगट्यांपर्यंतच्या कुठल्याही स्थितीचं अचूक उत्तर आता टेबलबेसमध्ये, म्हणजे संगणकाने आधीच सोडवून ठेवलेल्या स्थितींच्या साठ्यात, फुकट बघता येतं. आधी संगणकाविरुद्ध ती स्थिती खेळा, मग टेबलबेस उघडा.

टिपांसकट डाव. पुस्तक हातात घेतलं की मधलं एक पान उघडा. चालींच्या कंसात कंस आणि शब्द जवळपास नाहीत, असं असेल तर ते पुस्तक तुमच्यासाठी अजून नाही. ‘हा उंट इथे का आला’ याला मराठीत, इंग्रजीत, कुठल्याही भाषेत वाक्यं असली पाहिजेत. जुने डाव आधी घ्या. त्यात एकाची योजना सरळ तडीस गेलेली दिसते, आजच्या ग्रँडमास्टरांच्या डावात दोघंही एकमेकांच्या योजना जन्मण्याआधीच मोडतात.

व्हिडिओ. मी विरोधात नाही. बोलणारा ‘इथे थांबा आणि विचार करा’ म्हणतो का ते पाहा. तो म्हणत नसेल तर तुम्ही थांबवा, बटण तुमच्या हातात आहे.

ओपनिंग. पांढऱ्याने एक, काळ्याने दोन. प्रत्येकीच्या सात-आठ चाली आणि त्यामागची प्याद्यांची रचना. डावात अडलात की घरी येऊन पुढची एक चाल शिका. दरवेळी एकच.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ज्याला दुकानात जावं लागत नाही: तुमचे हरलेले डाव. सोव्हिएत जगज्जेता बोट्विनिक सांगत असे की आपले डाव स्वतः तपासा आणि ते विश्लेषण छापा, म्हणजे लोक चुका काढतील. त्याच्या हाताखाली कारपोव्ह, कास्पारोव्ह, क्रामनिक हे पुढचे जगज्जेते शिकून गेले. डाव संपल्यावर स्टॉकफिश, म्हणजे चाली तपासणारं संगणकी इंजिन, लगेच उघडू नका. तो उत्तर तर देतो, पण ‘तू काय विचार करत होतास’ हे विचारत नाही. आधी वहीत लिहा: इथे मला काय वाटलं, कशाची भीती वाटली. मग इंजिन लावा आणि दोन्ही शेजारी ठेवा. गुकेश ग्रँडमास्टर होईपर्यंत त्याच्या प्रशिक्षकाने त्याला इंजिनपासून दूर ठेवलं होतं, आणि तो अठराव्या वर्षी, २०२४ साली, जगज्जेता झाला.

दोन मिनिटं उरली आहेत, शंका बाहेर घेऊ. दाराजवळच्या टेबलावर मी रेटीची ती स्थिती मांडून ठेवली आहे. पटाशेजारी कागद-पेन्सिल आहे आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा आहे, तोच जुना. त्याच्याखाली पहिली चाल लिहिलेली आहे. पुठ्ठा उचलायच्या आधी आपली चाल कागदावर लिहा, आणि कारणही लिहा. कागद मी घरी नेऊन वाचणार आहे.