पहिल्या स्लिपमधला माणूस

[दृश्य : शिवाजी पार्क, रविवारची सकाळ]

एका मैदानावर डझनभर मॅचेस. एकाचा मिडऑन दुसऱ्याच्या पॉइंटला पाठ लावून उभा. अंपायर म्हणजे बॅटिंग टीममधलाच, नंबर यायची वाट बघणारा पोरगा; त्याच्या बोटाला कोण विचारतो? आईशपथा होतात, बॅट आपटली जाते. शेवटी कठड्यावरचे काका म्हणतात, "आऊट होता रे, मी बघितला." काका एकेकाळी कांगा लीग, म्हणजे मुंबईची पावसाळी क्रिकेट स्पर्धा, खेळलेले. वाद मिटतो. काका त्या क्षणी पेपरात डोकं घालून बसले होते, हे कुणी काढत नाही.

[दृश्य : वानखेडे, जुनी छायाचित्रं]

फेब्रुवारी १९८०. सुवर्णमहोत्सवी कसोटी, भारत विरुद्ध इंग्लंड. १६ तारखेला खग्रास सूर्यग्रहण, म्हणून त्या दिवशी खेळाला सुट्टी. मग इंग्लंड ५ बाद ५८. बोथमच्या साथीला यष्टिरक्षक बॉब टेलर. टेलर यष्टीमागे झेलबाद असल्याचं अपील झालं आणि अंपायर हनुमंत राव यांनी बोट वर केलं. टेलर घुटमळला. भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ पहिल्या स्लिपमध्ये, म्हणजे यष्टिरक्षकाच्या अगदी शेजारी होता. बॅट लागलीच नाही असं त्याला वाटलं. तो अंपायरकडे गेला आणि टेलरला परत बोलावलं.

अपील मागे घ्यायला अंपायरची संमती लागते. राव यांनी ती दिली. मला यात विश्वनाथच्या दिलदारपणाइतकंच रावांचंही मोठेपण दिसतं. पण त्यांचं नाव कुणी घेत नाही.

बोथम-टेलर जोडीनं १७१ धावा केल्या. बोथमचं शतक, सामन्यात १३ बळी, इंग्लंड १० गडी राखून विजयी. "कशाला बोलावला परत?" हा प्रश्न धावफलक बघून विचारला जातो. टेलरच्या बॅटला चेंडू लागला होता का, याचं उत्तर धावफलकावर नसतं.

[दृश्य : टीव्हीचा पडदा, रीप्ले]

३० मार्च २०११, मोहाली, विश्वचषकाची उपांत्य फेरी. सचिन २३ वर. पाकिस्तानच्या अजमलच्या चेंडूवर अंपायर इयान गुल्ड यांनी पायचीत दिला. सचिननं रिव्ह्यू घेतला, म्हणजे टीव्ही अंपायरकडे दाद मागितली. पडद्यावर यंत्रानं काढलेल्या रेघेत चेंडू लेग स्टंपच्या बाहेरून गेला; निर्णय फिरला. सचिन पुढे ८५ पर्यंत पोचला. गुल्ड आणि अजमल दोघंही नंतर आऊटच म्हणत राहिले. पण पॅडला लागल्यानंतरची ती रेघ म्हणजे यंत्राचा अंदाजच. म्हणून तर चेंडूचा निम्म्याहून कमी भाग स्टंपला लागताना दिसला, की मैदानावरचा निर्णय कायम राहतो : अंपायर्स कॉल.

आणि समालोचन कक्षातले पाच माजी खेळाडू एकमतानं "नॉट आऊट" म्हणाले, तर ते पाच साक्षीदार होतात का? पाचही जण एकाच कॅमेऱ्याचा एकच तुकडा बघतायत. साक्षीदार एकच, आवाज पाच.

[दृश्य : वानखेडे, २ एप्रिल २०११]

तीनच दिवसांनी अंतिम सामना. धोनीनं नाणं उडवलं, श्रीलंकेचा कर्णधार संगकारा काहीतरी म्हणाला. सामनाधिकारी जेफ क्रो शेजारीच उभे. पण स्टेडियमच्या गदारोळात त्यांना ऐकूच आलं नाही.

नाणं पुन्हा उडवलं गेलं. संगकारानं टॉस जिंकला आणि फलंदाजी घेतली.