पालथी डालकी

मी बोलणार आहे वर्गात मुलांकडून करून घ्यायच्या कागदाच्या टोपीबद्दल, पण सुरुवात डालकीपासून करते.

तुमच्यापैकी ज्यांचं बालपण खान्देशातल्या खेड्यात गेलं, त्यांनी घरात कागदाची डालकी पाहिली असेल. रद्दी दोन-तीन दिवस भिजत घालायची, कुटून तिचा लगदा करायचा, त्यात भिजवलेली मेथी वाटून घालायची आणि पालथ्या भांड्यावर तो थापायचा. वाळला की डालकी तयार. त्यात कुरडया, शेवया, डाळी राहत. मेथी भिजली की बुळबुळीत होते, म्हणून लगदा धरून ठेवते. आणि कडू असते, म्हणून कीड लांब राहते. हे शास्त्र आपल्या आयाबायांना पाठ होतं.

आणि मी मात्र, दुसरीच्या वर्गात होळीसाठी टोप्या करायच्या ठरवल्या तेव्हा, मोबाइलवर शोधत बसले. तिथे फुग्यावर कागद चिकटवायला सांगितलं होतं. आम्ही तसंच केलं आणि फुगे गच्चीवर वाळत ठेवले. मार्चचं आपल्याकडचं ऊन! आतली हवा तापून फुगली आणि काही फुगे फुटले. उरलेले संध्याकाळी गार होऊन आकसले, तशा ओल्या टोप्या चेपत गेल्या. एक मुलगी चेपलेली टोपी दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ उभी होती. रडली नाही, पण पुन्हा कागदाला हात लावायला तयार होईना. दुसऱ्या दिवशी तिला सोडायला तिची आजी आली. ती टोपी उलटी करून बघत म्हणाली, "हाई ते आमनी डालकी शे! मडकावर करा ना."

त्या दिवसापासून आमच्या वर्गात ही कला आज्या शिकवतात. काश्मीरमध्ये ती पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीनच्या काळात इराण-मध्य आशियाकडून आली असं मानतात. या कलेच्या ‘पेपर माशे’ या फ्रेंच नावाचा अर्थ ‘चावलेला कागद’. ते सगळं मुलांना जरूर सांगा, पण आधी आजीला वर्गात बोलवा.

आता मडकं कोणतं घ्यायचं? प्रत्येक मुलाच्या भुवयांच्या वरून सुतळी फिरवून डोकं मोजा. सहा-सात वर्षांच्या मुलाचं डोकं साधारण 51-52 सेंटिमीटर भरतं. मी त्या सुतळ्यांचा गुंडा घेऊन कुंभाराकडे गेले आणि एकेक मडकं मोजून घेतलं. सुतळीपेक्षा दोन बोटं मोठंच घ्या, कारण कागद वाळताना थोडा आवळतो. मडकं पालथं घालून तेलाचा हात फिरवा. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा. खळ दुसऱ्या थरापासून. आणि मडक्याच्या पोटाचा सगळ्यात फुगीर भाग येण्याआधीच थांबा. त्याखाली कागद गेला तर टोपी निघतच नाही, कापावी लागते.

कागद कात्रीने कापू देऊ नका. फाडला की कडेचे तंतू मोकळे होतात आणि पट्ट्या एकमेकींत मुरतात. कापलेली कड वाळल्यावरही उठून दिसते. मुलांना वर्तमानपत्र आधी उभं आणि मग आडवं फाडायला लावा. एका दिशेने ते सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. कारखान्यात कागद यंत्रावरून धावताना बहुतेक तंतू एकाच दिशेने निजतात, म्हणून असं होतं. मग मी मुलांना नेपानगरची गोष्ट सांगते. भुसावळहून खंडव्याकडे निघालं की रावेर, बऱ्हाणपूर मागे टाकून नेपानगर लागतं. तिथली वर्तमानपत्री कागदाची गिरणी पंडित नेहरूंनी 1956मध्ये देशाला अर्पण केली. सुरुवातीला तिथे सालई आणि बांबू यांपासून कागद होई. आपल्या शेजारच्या जंगलातलं झाड असं डोक्यावर येऊन बसतं हे ऐकताना मुलांचे डोळे बघण्यासारखे असतात. गुळगुळीत, चकचकीत कागद मात्र नको. त्यावरच्या लेपामुळे तो नीट भिजत नाही.

खळ मैद्याची. एक वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवा, मग चार-पाच वाट्या पाण्यात शिजवा. पांढरेपणा जाऊन पारदर्शक झाली की उतरवा. जुनी माणसं त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालत. मुलांच्या हातात ते अजिबात देऊ नका, ते विष आहे. वाटलेली मेथी पुरते. एक थर मराठी पेपरचा, पुढचा साध्या रंगीत कागदाचा, म्हणजे कुठे राहिलं ते मुलाला स्वतःलाच दिसतं. दिवसाला दोनच थर, एकूण पाच-सहा, आणि वाळवण सावलीत. कडक उन्हात बाहेरून वाळतं, आतून ओलं राहतं आणि काठ वाकतो. पोळ्याला हा उद्योग करू नका. पावसाळी हवेत बुरशी धरते. लगदा फक्त काठाला आणि वरच्या फुला-पानांना वापरा. सगळी टोपी लगद्याची केली तर ती जड होते.

सजावटीबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगते. अक्कलकुव्याकडच्या काठी गावच्या आदिवासी होळीचे फोटो आपण सगळे पाहतो. बुध्यांच्या, म्हणजे नवस धरून होळीत नाचणाऱ्यांच्या, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप असतात, अंगावर पांढरी नक्षी, कमरेला घुंगरू. ते पाहून तसाच टोप वर्गात करावासा वाटतो. करू नका. त्या माणसांनी ‘पाळणी’, म्हणजे व्रत, धरलेलं असतं. त्या दिवसांत ती खाटेवर बसत नाहीत. तो टोप म्हणजे त्यांचा नवस. मुलांना त्याबद्दल सांगा, वर्गात त्या भागातलं मूल असेल तर त्याच्या घरच्यांकडून ऐका. आपल्या टोपीवर आपलं शेत येऊ द्या. कापसाचं बोंड, केळीच्या खोडाचे वाळवलेले सोप, पळसाच्या फुलांचा रंग. मागच्या वर्षी एकाने टोपीच्या माथ्यावर लगद्याचं वांगं केलं, जळगावच्या भरताचं, हिरवं. देठसुद्धा होता.

मागच्या टेबलावर मडकी पालथी घातली आहेत, तेल लावून तयार. गावातल्या तीन आज्या तिथे बसल्या आहेत आणि खळ अजून कोमट आहे. बाह्या सारून चला.