आधी नोंद, मग तपासणी

काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकतोय. डेटाबेस, म्हणजे माहिती टेबलांमध्ये साठवणारी प्रणाली, आहे पोस्टग्रेस. पगाराची बेरीज करणारं एक फंक्शन पीएल-पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहून झालंय. एंटर. लगेच एरर येते: 'एंड इफ' लिहायचं राहिलंय. चूक दुरुस्त होते, पुन्हा एंटर. आता उत्तर येतं, 'क्रिएट फंक्शन'. फंक्शन साठवलं गेलं.

पण नीट पाहा. टेबलाचं नाव आहे 'कर्मचारी' आणि फंक्शनमध्ये पडलंय 'करमचारी'. ही चूक कुणी धरली नाही. ती कळेल महिनाअखेरीला, पगाराच्या दिवशी, फंक्शन पहिल्यांदा चालेल तेव्हा.

एंटर आणि उत्तर यांच्या मधल्या क्षणात जो नवं फंक्शन तपासतो, तो व्हॅलिडेटर. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक भाषेला स्वतःचा व्हॅलिडेटर जोडता येतो. त्याच्या हाती एकच आकडा पडतो, नव्या फंक्शनचा ओआयडी, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक. फंक्शनची नोंद कॅटलॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीत, आधी होते, मग व्हॅलिडेटर ती तिथून वाचतो. खोट निघाली, की ट्रान्झॅक्शन, म्हणजे तो सगळा व्यवहारच, रद्द होतो आणि त्याबरोबर ती नोंदही पुसली जाते. मला ही रचना मनापासून आवडते. जे साठवलं गेलंय, तेच तपासलं जातं.

मग टेबलाचं नाव का सुटलं? कारण फंक्शन स्वतःच एका ओळीत तात्पुरतं टेबल तयार करतं आणि पुढच्या ओळीत त्यात माहिती भरतं, असंही होतं. साठवताना ते टेबल अस्तित्वातच नसतं. नावांचा हट्ट धरला, तर चांगली फंक्शनंही दारातूनच परत जातील. बॅकअपची अडचणही अशीच. पीजी-डंप या बॅकअप घेणाऱ्या साधनाची फाइल परत चढवताना फंक्शन आधी आणि त्याला लागणारं टेबल नंतर येऊ शकतं. म्हणून ती फाइल सुरुवातीलाच 'चेक फंक्शन बॉडीज' हे फंक्शनच्या आतला मजकूर तपासायला लावणारं सेटिंग बंद करते.

पोस्टग्रेसमध्ये फंक्शन पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतही लिहिता येतं. तिथे तर नुसतं तपासणंही जोखमीचं. पर्लचा 'बिगिन' ब्लॉक कंपाइल होतानाच, म्हणजे कोड वाचून तयार केला जातानाच, चालतो. व्याकरण बघायला जावं, तर कोडच चालून जातो! त्यामुळे ते सेटिंग बंद असताना असा कोड चालवणारी तपासणी व्हॅलिडेटरने करायचीच नाही, असा नियम आहे.

खरा धक्का बसला फेब्रुवारी 2014 मध्ये. व्हॅलिडेटर हेही एक साधं फंक्शनच, कुणीही ते हाताने बोलावू शकतं. एका भाषेच्या व्हॅलिडेटरला दुसऱ्याच भाषेतल्या फंक्शनचा ओआयडी दिला, तर तो ते आपलंच समजून वाचायला घ्यायचा. त्यातून नको त्याच्या हाती जास्तीचे अधिकार जाऊ शकत होते. तेव्हापासून व्हॅलिडेटर आधी बोलावणाऱ्याचे अधिकार आणि फंक्शनची भाषा तपासतो. पोस्टग्रेसबरोबर न येणाऱ्या, बाहेरच्या भाषा जोडणाऱ्यांना हा बदल आपापल्या व्हॅलिडेटरमध्ये स्वतः करावा लागला.

आणि ते 'करमचारी'? साध्या एसक्यूएल भाषेत, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या मूळ भाषेत, फंक्शन लिहिलं असतं, तर व्हॅलिडेटरने ते नाव तिथेच धरलं असतं. 2021 मध्ये आलेल्या पोस्टग्रेसच्या चौदाव्या आवृत्तीत त्याही पुढचं पाऊल पडलं. 'बिगिन अ‍ॅटॉमिक' वापरून लिहिलेल्या एसक्यूएल फंक्शनचं पार्सिंग, म्हणजे कोडचा अर्थ लावणं, साठवतानाच होतं आणि ते कोणत्या टेबलावर अवलंबून आहे, हेही नोंदवलं जातं.

अशा फंक्शनला लागणारं 'कर्मचारी' टेबल आता कुणी ड्रॉप करायला, म्हणजे काढून टाकायला गेलं, तर पोस्टग्रेस नकार देतो आणि त्या फंक्शनचं नाव समोर ठेवतो.